इमामबीच्या दाराला कडी नव्हती

दार राहू दे. कडी लावायला उठलास ना, म्हणून म्हणतो. बस खाली. थंडी आहे, मलाही वाजतेय. पण गोष्ट संपेपर्यंत उघडंच राहू दे. नंतर लावायची की नाही, ते तुझं तू ठरव.

ही उडत कानावर आलेली गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली तो मतीन गवंडी माझ्या चांगल्या ओळखीचा. त्यानं मला ती तीन वेळा सांगितली, आणि तिन्ही वेळा एका शब्दाचाही फरक पडला नाही. इतकी वर्षं बातम्या गोळा केल्यावर एवढं कळतं, की खोटं बोलणारा माणूस दुसऱ्या खेपेला काहीतरी वाढवतोच. मतीननं काही वाढवलं नाही.

गावाचं नाव सांगणार नाही. घाटनांदूरच्या अलीकडं, रुळापासून दोन कोसांवर, एवढं पुरे. ज्या गावानं सत्तर वर्षं तोंड शिवून घेतलं, त्याला मी फुकटची प्रसिद्धी कशाला देऊ?

निजामाच्या राजवटीपासून तिथं मिशनचा दवाखाना होता. तो बंद पडून चाळीस वर्षं झाली. वॉर्डांचे पत्रे गेले, चौकटी गेल्या, दगडही गेले. गावकरी सांगतात, पडझड झाली. पडलेला दगड आपल्या पायांनी चालत जाऊन कुणाच्या गोठ्याला लागत नाही, पण ते असो. उरला फक्त गिरजा. दवाखान्यातल्या रोग्यांनी प्रार्थना करावी म्हणून बांधलेला, काळ्या दगडाचा, चुन्यातला. एक लांब दालन आणि त्याच्या टोकाला एक आतली खोली. बारा बाय दहाची. तिला एकच दार आणि वरच्या अंगाला एक झरोका, तोही विटांनी बुजवलेला.

हा गिरजा दुरुस्त करून गावाच्या उपयोगी आणायचं गहिनीनाथ गुरुजींनी मनावर घेतलं. गुरुजी म्हणजे शाळेतले कबड्डीचे निवृत्त मास्तर. दालनात पोरांची अभ्यासिका, आतल्या खोलीत वाचनालय, असा बेत. पुण्याला गेलेल्या दोन ख्रिस्ती कुटुंबांनी आनंदानं लेखी कळवलं, की वास्तू गावाच्या कामी लागू द्या. मग दर शनिवार-रविवार आठ-दहा माणसं श्रमदानाला जमू लागली. कुणी कचरा उपसला, कुणी बाभळी तोडल्या, कुणी जुनी बाकं घासली. गिलाव्याचं काम मतीनकडं आलं. चुन्यात गूळ किती, हिरडा किती, बेलफळ किती, हे जाणणारा त्या भागात तो एकटाच उरला होता. बापाकडून शिकलेला. दर्ग्याचा घुमट असो की बारवेचा कठडा, हाक मतीनलाच.

पण इथं तो नुसता गवंडी म्हणून आला नव्हता. त्याची नानी इमामबी याच दवाखान्यात आया होती. वयाच्या अठराव्या वर्षापासून दवाखान्याला कुलूप लागेपर्यंत. पंचक्रोशीतली अर्धी माणसं तिच्या हातावर जन्मली. दोन हजार नऊ साली ती गेली, तेव्हा जनाज्याला सगळं गाव लोटलं होतं. तिच्याबद्दल दोन गोष्टी सगळे सांगत. एक, इमामबीच्या दाराला कडी नव्हती. हिवाळा असो, पावसाळा असो, कुत्री घरात शिरोत, तिचं दार रात्रभर सताड उघडं. दुसरी, उंबऱ्याशी रोज रात्री पाण्यानं भरलेला तांब्या. लोक म्हणत, केवढी माया या बाईची. रात्री-अपरात्री कुणी अडलेली बाई आली तर तिला दार वाजवावं लागू नये, वाटसरू तहानला तर त्याला पाणी मिळावं. नानी गेल्यावर मतीननं पहिल्यांदा घराला लोखंडी कडी बसवली. अम्मी तेव्हा त्याच्याशी महिनाभर नीट बोलली नव्हती.

तर गुरुजींनी ठरवलं, वाचनालयाला इमामबीचं नाव द्यायचं. काळ्या ग्रॅनाइटची पाटी करून आणली. ‘सेवामूर्ती इमामबी वाचनालय’. आतल्या खोलीच्या दाराशेजारी ती बसवायची. उद्‌घाटन शुक्रवारी, तीन जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, सकाळी दहा वाजता. मागच्या, म्हणजे पंचवीसच्या जानेवारीतली गोष्ट. पाहुणे अमरसिंह, तालुक्याचे पुढारी. मतीननं ती पाटी हातात घेतली, तेव्हा तिच्यावरून तो किती वेळ बोट फिरवत होता, ते गुरुजी अजून सांगतात. गवंड्याच्या खानदानाचं नाव कधी दगडावर येत नाही. दगड बसवणारे वेगळे आणि दगडावर येणारे वेगळे, ही आपली रीत. इथं पहिल्यांदा उलटं होणार होतं.

आणि नेमका त्याच भिंतीचा गिलावा टिकेना.

आतल्या खोलीचा, दाराच्या चौकटीच्या दोन्ही अंगांचा. सोमवारी लावला, मंगळवारी सकाळी खाली. मंगळवारी लावला, बुधवारी खाली. बुधवारचाही गेला. बाकी भिंती जशाच्या तशा. त्याच भिंतीच्या बाहेरच्या अंगाला पाटी बसायची होती. आतून असा गिलावा निसटत राहिला, तर पाटीचे खिळे धरणार कशाला? मतीननं पडलेल्या जागेवर हात फिरवला. चुना आपोआप सुटलेला नव्हता. ओला असतानाच कुणीतरी ओरबाडलेला होता. वरून खाली ओढलेले चर. कमरेपासून खाली.

गुरुजी म्हणाले, “हे रामकिसनचं काम.”

रामकिसन म्हणजे वच्छलाबाईचा मुलगा. आणि वच्छलाबाई म्हणजे गावातली एकमेव बाई, जिनं पाटीला उघड विरोध केला होता.

गुरुवारी, दोन तारखेला, पाचच्या सुमारास ती पुन्हा आली. ऐंशीला टेकलेली, काठी टेकत. उंबऱ्याच्या आत तिनं पाऊल टाकलं नाही. कधीच टाकत नसे.

“त्या बाईचं नाव लावू नका, गुरजी. तिसऱ्यांदा सांगाया आले.”

“वच्छलाकाकू, तुमचा राग कशावर हाय ते तरी सांगा,” गुरुजी म्हणाले. “मुसलमान म्हणून का?”

“जात काढू नका. माझ्या रामकिसनची नाळ तिनंच कापली. आन् तुमचीबी.”

दालनातली माणसं हसली. मतीन हसला नाही. तो थापी हातात घेऊन पुढं आला.

“मावशी, तुमचा रामकिसन तीन रात्री झाल्या गिलावा पाडतोय. मी गप हाय, तुमच्या वयाकडं बघून. आज सापडला तर गप ऱ्हाणार न्हाई.”

“रामकिसन कावून पाडंल बाबा? त्याला रात्रीचं दिसतंय कुठं? मोतीबिंदू हाय त्याला.”

“मग कोण पाडतंय?”

वच्छलाबाईनं काठीनं आतल्या खोलीकडं दाखवलं. “आतली पाडत्यात.”

“आत कोण हाय?”

“माझी माय हाय. माझा भाऊ हाय, उत्तरेश्वर, चार वरसाचा. पटकीची साथ आली तवा हितं ठिवले. मी आठ वरसाची व्हते. घरी सांगितलं, बरे झाले की सोडू.” तिनं काठी मतीनकडं वळवली. “कडी कुणी लावली व्हती, ते तुज्या नानीला इचार.”

“नानी जाऊन सोळा वर्सं व्हतील आता.”

“मग तुला कुणीतरी इचारंल,” ती म्हणाली आणि वळली.

मतीनच्या अंगाचा तिळपापड झाला. ती पार गिरज्यासमोरच्या लिंबापाशी पोहोचेपर्यंत तो तिच्या पाठीकडं बघत राहिला. गुरुजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, म्हातारीचं डोकं फिरलंय, मनावर घेऊ नको. आज चोर पकडू. त्यांनी शाळेतून फक्कीची अर्धी गोणी आणून ठेवली होती. फक्की म्हणजे मैदान आखायची चुन्याची पांढरी पूड. ती जमिनीवर पसरायची. जो येईल त्याची पावलं उठतील, आणि सकाळी दहा वाजता अमरसिंहांसमोरच रामकिसनला त्याच्या पावलांशी उभं करायचं. कबड्डीच्या मास्तराची अक्कल. वाईट नव्हती.

रात्री साडेदहाला मतीन मोटारसायकलवर निघाला. पाठीला फवारणीचा पंप. चुन्याचा गिलावा ओला ठेवावा लागतो, नाहीतर तडकतो. त्याला तराई म्हणतात. आज संध्याकाळी त्यानं चौथ्यांदा गिलावा लावला होता, आणि आज रात्री दोनदा तराई देणं भाग होतं. निघताना अम्मीनं विचारलं, “जुम्मेरात को कहाँ जा रा बेटा?” तिनं संध्याकाळी नानीच्या नावानं फातिहा दिला होता. मतीन म्हणाला, नानीच्याच कामाला जातोय.

चांगली, कोरडी रात्र होती. चंद्राची कोर साडेआठलाच मावळलेली. तुरीच्या वासाचा वारा. ऊसतोडीला गेलेल्यांची निम्मी घरं बंद, त्यामुळं गाव आधीच चिडीचूप. गिरज्यात अजून वीज नव्हती. मतीननं पंपानं भिंत भिजवली, पाणी निथळेपर्यंत थांबला. मग खोलीच्या मधोमध बाटलीची चिमणी पेटवून ठेवली. कुणी आत शिरलं तर दालनातून सावली दिसावी म्हणून. पण उजेड लांबून दिसला तर चोर परत फिरेल. म्हणून चुन्याच्या पिंपावर झाकायला आणलेलं कोंबड्यांचं डालं त्यानं चिमणीवर उपडं घातलं. डाल्याच्या फटींतून बारीक बारीक उजेड भिंतींवर पसरला. मग चाळणी घेतली. आधी डालं उचलून त्याखाली, मग भोवती, मग मागं सरकत सरकत दारापर्यंत, सगळ्या जमिनीवर फक्की चाळली. पांढरीशुभ्र, पिठासारखी. एक सुरकुती नाही.

बाहेर येऊन त्यानं दार ओढलं. त्या दाराला आतून कडी नव्हतीच. फक्त बाहेरून. जाड, जुनी, वीतभर लांब. दुरुस्ती सुरू झाल्यापासून ती कुणी लावली नव्हती. आज मतीननं लावली. ती फार वाजायची. चोराला काढावी लागेल, म्हणजे आवाज होईल, असा त्याचा हिशेब.

लावताना ती वाजली. दालनभर.

मोबाइलमध्ये अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मतीन दालनात बाकावर घोंगडी पांघरून बसला. समोर आतल्या खोलीचं दार. त्याच्या खालच्या फटीतून चिमणीचा पिवळा उजेड बाहेर आलेला. शेजारच्या भिंतीला पाटी टेकवून ठेवलेली. अंधारातही नानीच्या नावाची सोनेरी अक्षरं कळत होती. त्याच्या वर, खुंटीला, दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांचा जुना फोटो. गुरुजींनी तोही पुसून, हार घालून लावला होता.

बारा वाजले. साडेबारा.

कुणी आलं नाही.

बारा चाळीसला घाटनांदूरकडं गाडीची शिट्टी झाली. ती विरली आणि मतीनला दुसरा आवाज ऐकू आला. बारीक. ओल्या चुन्यावर नख ओढल्यासारखा.

उंदीर, असं तो मनाशी म्हणाला.

पुन्हा. खालून. गुडघ्याच्या उंचीवरून. मग जरा वर. मग दोन्ही अंगांना एकदम.

आणि थप्पकन गिलावा पडला.

मतीन उठला. थापी उचलली. रागच आला त्याला आधी. “रामकिसन,” तो ओरडला, “बाहेर ये बे. सापडलास तू.”

खरवडणं थांबलं.

मग त्याच्या ध्यानात आलं. कडी बाहेरून होती. त्यानंच लावलेली. तशीच होती. झरोका बुजवलेला. आत जायला दुसरी वाट नव्हती.

दाराखालचा उजेड हलला. चिमणी वाऱ्यानं हलते तसा नाही. काहीतरी उजेडाच्या आडून गेलं. पुन्हा गेलं. दोन सावल्या. मग चार. मग सगळी फटच काळी-पिवळी, काळी-पिवळी झाली. पावलं. दाराकडं येणारी. अनवाणी. आवाज नव्हता. नुसत्या सावल्या.

उंबऱ्याशी येऊन थांबल्या.

सगळ्या.

मतीन म्हणतो, तिथून पळावं असं वाटलं, पण पाय पुढंच गेले. दारापासून हातभर अंतरावर तो उभा राहिला. दार आतून जरासं फुगलं. पलीकडं गर्दी असल्यावर फुगतं तसं. कडी ताणली. सुटली. ताणली.

“पाणी...”

बाईचा आवाज. कोरडा.

“पाणी...” दुसरा कुणीतरी.

पंपात पाणी होतं. पाठीमागंच ठेवलेला.

मग अगदी खालून, फटीपाशी तोंड लावून बोलावं तसा, लहान मुलाचा आवाज.

“आयाबाई... कडी काढ की गं.”

...

मतीननं हात वर नेला. बोटं कडीला लागली. लोखंड थंडगार. एवढीशी वर उचलली असती तर निघाली असती.

त्याला घरचं दार आठवलं. सताड उघडं. उंबऱ्याशी तांब्या. नानी अंथरुणावर बसलेली, तोंड दाराकडं, रात्रभर जागी. लहानपणी त्यानं विचारलं होतं, नानी, कुणाची वाट बघतेस? तिनं तांब्या उंबऱ्याच्या आणखी जवळ सरकवला होता. माया म्हणत होते लोक. माया...

“आयाबाई...”

त्यानं कडी काढली नाही.

हे त्यानं मला सांगितलं, तेव्हा खाली बघून सांगितलं. काढली नाही. हात मागं घेतला. मागं मागं सरकत दालनाच्या दाराशी आला. वळला. पळाला. पंप तिथंच, घोंगडी तिथंच. गाडीला किक बसेना. तीनदा... चारदा... आतून दार वाजत होतं. जोरात नाही. तळहातानं. थकलेल्या माणसानं वाजवावं तसं.

घरी न जाता तो थेट गुरुजींच्या ओसरीवर जाऊन पडला. दातखीळ बसल्यासारखा. उजाडल्यावर त्यानं सगळं सांगितलं.

सकाळी सात वाजता गुरुजी त्याला घेऊन निघाले. सोबत श्रमदानातली चार माणसं. गाव लहान, बातमी पुढं धावलेली. वच्छलाबाई त्यांच्याआधीच गिरज्याच्या दाराशी येऊन उभी.

कडी जशी लावली तशीच होती. गुरुजींनी ती काढली. दार उघडलं. मतीन दाराच्या अगदी तोंडाशी उभा होता. त्याच्या अंगावरून थंड हवा बाहेर गेली. सरळ नाही, धक्के देत गेली, बाजारात गर्दी अंगावरून जाते तशी. बाकीच्यांना काही जाणवलं नाही म्हणतात.

गिलावा खाली पडलेला. आणि फक्कीवर पावलं.

अनवाणी. मोठी, लहान. पलीकडच्या भिंतीपासून सुरू झालेली. आत शिरणारं एकही नाही. सगळ्यांची बोटं दाराकडं. दारापाशी तर इतकी एकावर एक, की पांढरं उरलंच नव्हतं.

तेवढ्यात सत्तर वर्षांत पहिल्यांदा वच्छलाबाईनं उंबरा ओलांडला. तिनं जमिनीकडं बघितलं. डाल्याकडं बघितलं. फटींतून अजून चिमणीचा उजेड येत होता.

“हे कुणी मांडलं?” तिनं विचारलं.

मतीन म्हणाला, “मी. पावलं उठावीत म्हणून.”

“हिंदूच्या घरी माणूस गेलं, की जिथं जीव गेला तिथं पीठ पसरत्यात, दिवा ठिवत्यात, वर टोपली झाकत्यात. सकाळी बगत्यात पाऊल कशाचं उठलं. पाखराचं उठलं तर पाखराच्या जल्माला गेलं. गाईचं उठलं तर गाईच्या.” ती मतीनकडं बघत होती. रागानं नाही. राग बरा असतो. “ह्यांचं कुणीच मांडलं न्हवतं. तू मांडलंस. आन् वरून कडी लावलीस.”

गुरुजी हिंदू, श्रमदानातली चारही माणसं हिंदू. त्यांच्या घरात हे होत आलंय. पण फक्की मास्तरची, डालं कोंबड्यांचं, चिमणी चोरासाठी. तिन्ही एकत्र आल्यावर काय होतं, ते एकालाही सुचलं नाही.

“डालं उचल,” म्हातारी म्हणाली.

मतीननं उचललं. चिमणीशेजारी, जिथं डालं रात्रभर हललं नव्हतं, तिथं एकच पाऊल होतं. लहान. स्वच्छ. पाचही बोटं मोजावीत असं.

वच्छलाबाई खाली बसली. तिनं त्या पावलाशेजारी आपली वीत धरली. बराच वेळ धरली.

“माणसाचंच हाय,” ती म्हणाली. “म्हंजे कुठं गेलाच न्हाई.”

मग तिथंच बसून तिनं सगळं सांगितलं. त्रेपन्न साल. पटकी, म्हणजे कॉलरा. चोवीस तासांत वॉर्ड भरले. उरलेली माणसं या खोलीत आणून टाकली. मोठ्या डॉक्टरांनी ट्रंक भरली, घाटनांदूरचं स्टेशन गाठलं, आणि जाताना आयाबाईला सांगितलं, साथ गावात जाईल, कडी लाव, पाणी देऊ नको, परवा येतो. वीस वर्षांची पोर. तिनं लावली. डॉक्टर आठव्या दिवशी आले. लहानगी वच्छला बापाबरोबर रोज बाहेर लिंबाखाली येऊन बसायची. पहिले दोन दिवस आवाज ऐकू यायचा. आयाबाई दाराला पाठ लावून रडत बसलेली दिसायची. कडी काढायची नाही. गावातल्या कुणीही काढली नाही. हे शेवटचं म्हातारीनं दोनदा सांगितलं.

मी नंतर दवाखान्याचं त्या सालचं रजिस्टर शोधून काढलं. सतरा नावं. प्रत्येकासमोर एकच शेरा, सुरेख अक्षरात. ‘बरे होऊन घरी गेले.’

मतीन उठला. म्हणाला, “गुरुजी, पाटी लावू नका.”

“आता?” गुरुजींनी घड्याळ बघितलं. “पत्रिका वाटल्यात. साहेब अंबाजोगाईहून निघालेत. गावाला काय सांगू, भुतांनी हरकत घेतली म्हणून?”

“माझ्या नानीचं नाव हाय. मी न्हाई म्हणतोय.”

“तुझ्या एकट्याची नव्हती ती,” गुरुजी म्हणाले. आणि त्यांनी खराटा घेतला. स्वतः झाडलं. पाच मिनिटांत सगळी पावलं गोणीत. ते लहान पाऊल वच्छलाबाईच्या वितीशेजारून झाडताना त्यांचा हात जरा थांबला, एवढंच. मग नाही थांबला.

गिलाव्याची भगदाडं फ्लेक्सनं झाकली. दहाऐवजी बारा वाजता कार्यक्रम झाला. अमरसिंह सेवेवर पाऊण तास बोलले. ज्यानं कडी लावायला लावली, तो हार घालून भिंतीवर, आणि जिच्या हातानं लावली, ती त्याच्या खाली दगडावर. टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात तीन कॉलमांचा फोटो आला. बातमी कुणी लिहिली, ते विचारू नकोस. एक गोष्ट मात्र खरी. शनिवारी दुसऱ्या गवंड्यानं तिथं सिमेंट मारलं, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत त्या भिंतीचा एक पोपडाही पडलेला नाही. गुरुजी म्हणतात, बघा, चुनाच कच्चा होता.

मतीन कार्यक्रमाला थांबला नव्हता. वच्छलाबाईला तिच्या दारात सोडून तो घरी आला, हातपाय धुतले, दार लावलं, सवयीनं कडी घातली आणि झोपला. असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या, अजानला त्याला जाग आली, ती बायकोच्या, अलमासच्या आवाजानं.

“ये दरवाजे कू चुने के हाथ कौन लगाया जी?”

तो उठून गेला. दाराच्या आतल्या बाजूला, कडीच्या बरंच खाली, मांडीच्या उंचीवर, पांढरी पाच बोटं. वरून खाली ओढलेली. घरात लहान मूल नाही. त्यांचा एकुलता मुलगा लातूरला कॉलेजात.

अलमासनं ओल्या फडक्यानं पुसलं. गेलं. दार वाळलं, तसं पुन्हा उमटलं. तसं तर तो चुन्याचा गुणच आहे. ओला असताना दिसत नाही, वाळल्यावर दिसतो. मतीनपेक्षा हे कुणाला जास्त ठाऊक?

त्यानं त्याच संध्याकाळी कडी उखडली. आता त्याचं दार रात्रभर उघडं असतं. उंबऱ्याशी पाण्याचा तांब्या असतो. गाव म्हणतं, मतीन अगदी नानीवर गेला. केवढी माया.

मागच्या महिन्यात गेलो होतो, तेव्हा मी स्वतः बघितलं. दाराला कडीच्या जागी चार भोकं आहेत. खालची पाच बोटं आता तिथं नाहीत. ती भोकांपर्यंत वर सरकली आहेत.